वगळलेले बिंदू

विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे, काळा चष्मा लावायचा आणि जरा धीर धरायचा. सुरुवातीला नुसतं धुरकट दिसतं. मग एका क्षणी सपाट जमीन अंगावर यायला लागते. आधी झाडांचे शेंडे उठतात, मग घरांची छपरं, मग अख्खा डोंगर. जादू काही नाही त्यात. डाव्या डोळ्याला एक फोटो दिसतो, उजव्याला दुसरा. दोन्हींत निम्म्याहून जास्त जमीन तीच, फक्त दुसरा फोटो काढेपर्यंत विमान सहा सेकंद पुढे गेलेलं असतं. नव्या माणसाला शिकवताना सर एवढंच म्हणत, "दोन डोळ्यांचं भांडण मिटलं, की डोंगर उभा राहतो."

दोघी बहिणींतली थोरली अकरा वर्षं नकाशाच्या ऑफिसात हे भांडण मिटवत होती. एका फोटोतला दगड दुसऱ्या फोटोत शोधायचा आणि दोन्हीकडे त्याच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर ठिपका ठेवायचा, की झाला जुळणीचा एक बिंदू. असे शेकडो बिंदू ठेवले की फोटो एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि त्यांच्यावरून नकाशा काढता येतो. बरंचसं काम संगणक आपलं आपण करतो. जिथे त्याची मती गुंग होते, म्हणजे पाण्यावर, वाळूवर, एकसारख्या झाडांवर, तिथे माणूस लागतो. आणि माणूस म्हटला की चूक आलीच.

तिची चूक गेल्या वर्षी झाली होती, एका फळबागेत. झाडं सारखी, ओळी सारख्या. डाव्या फोटोतलं सातव्या ओळीतलं झाड तिने उजव्या फोटोत आठव्या ओळीत धरलं आणि पुढची सगळी त्याच मापाने धरत गेली. संगणकाने निमूटपणे गणित केलं आणि सपाट बागेच्या मधोमध नऊ मीटर उंचीचा डोंगर उभा केला. नकाशा कालवा खणणाऱ्यांकडे गेला. ते लोक तिथे डोंगर शोधत हिंडले. सरांना जाऊन माफी मागावी लागली. "लोक राईचा पर्वत करतात, आपल्या बाईंनी बागेचा केला," असं चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून ऑफिसात तिचं नाव पडलं डोंगरवाली. तीही हसायची. हसताना कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, त्या केसांखाली झाकलेल्या असत.

त्या चुकीनंतर तिने एक सवय लावून घेतली. जे बिंदू जुळत नाहीत ते संगणक वगळतो. ती ते फेकून द्यायची नाही. वेगळे ठेवायची आणि काम संपलं की एका कोऱ्या पानावर सगळे एकदम काढून बघायची. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ताक फुंकायचं. बाकी कुणी असलं काही करत नसे. कचऱ्याची टोपली ओतून कोण बघतं?

सध्याचं काम एका दरीचं होतं. दरीतला रस्ता रुंद करायचा होता, म्हणून नकाशा हवा होता. विमानाने एका दिवशी चार पट्टे उडून फोटो काढले, मग ढग आले, आणि उरलेले चार पट्टे बारा दिवसांनी उडावे लागले. असं नेहमीच होतं. दरीच्या एका अंगाला चढ, चढावर ओळीने लावलेली झाडं, चढाच्या पायथ्याशी एकेचाळीस घरं. त्यांतल्या निळ्या पत्र्याच्या घरात तिची धाकटी बहीण आणि आई राहत होत्या. धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. आईचा पाय महिन्यापूर्वी मोडला होता आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं.

काम हातात आलं त्या दिवशी थोरलीने पहिलं काय केलं असेल, तर तो निळा पत्रा शोधला. धाकटीला फोन करून सांगितलंही, की तुमच्या छपरावर कुणाची तरी चप्पल पडलेली दिसते. धाकटी म्हणाली, "शेजारच्या मुलाची आहे. आता तू आहेस वर बसलेली, तर सांग, माझी हरवलेली कात्री कुठे दिसते का." वरून माणूस दिसतो का, असंही तिने विचारलं होतं. थोरलीने सांगितलं होतं, माणूस म्हणजे नुसता ठिपका. खरा माणूस कळतो तो सावलीवरून.

बुधवारी संगणकाने पहिली जुळणी पुरी केली. एकतीस बिंदू बसले नाहीत. ते वगळले, आणि बाकीचं गणित इतकं सुरेख बसलं की सर जाता जाता म्हणाले, डोंगरवालीला यंदा बक्षीस द्यायला हवं. तिने होकार देऊन तो निकाल नक्की केला. कुणीही केला असता. न बसणारे बिंदू वगळायचेच असतात; कधी ठिपका चालत्या गाडीवर पडलेला असतो, कधी सरकणाऱ्या सावलीवर, कधी पाण्याच्या कडेवर.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिने सवयीप्रमाणे ते एकतीस बिंदू कोऱ्या पानावर काढले.

वगळलेले बिंदू नेहमी पानभर पसरलेले असतात, मूठभर दाणे हातातून सांडावेत तसे. हे तसे नव्हते. दोन इकडे, तीन तिकडे, आणि उरलेले सव्वीस एकाच जागी. चढाच्या वरच्या अंगापासून खाली उतरत गेलेले. त्यांच्या कडेने बोट फिरवलं तर एक आकार होत होता, आणि तो जिभेसारखा होता. जिभेचं टोक अकरा घरांच्या परसापर्यंत आलेलं होतं. कडेपासून मोजलं तर तिसरं घर निळ्या पत्र्याचं.

तिने प्रत्येक बिंदूला बाण लावला: पहिल्या दिवशीच्या फोटोत कुठे, बारा दिवसांनंतरच्या फोटोत कुठे. चूक असली की बाण वेडेवाकडे असतात, गर्दीतल्या माणसांसारखे, ज्याचं तोंड तिकडे. सव्वीसच्या सव्वीस बाणांची तोंडं उताराकडे होती.

  माऊसवरचा हात तिने उचलून मांडीवर ठेवला.

मग ती, जे येत होतं ते करायला लागली. आधी स्वतःवर संशय घेतला. चढावरची झाडं ओळीने लावलेली, म्हणजे बागेतलीच चूक पुन्हा? दोन ओळींतलं अंतर मोजलं: तीन मीटर. एक ओळ चुकली असती तर बिंदू तीन मीटरने हलला असता. हे साठ-सत्तर सेंटिमीटरने हलले होते. ओळ चुकलेली नाही. सावल्या? सव्वीसपैकी एकोणीस बिंदू उघड्या दगडांवर होते, सावलीत नव्हते. पहिल्या दिवशीचे फोटो आपसांत जुळवून पाहिले: फरक चार सेंटिमीटर. नंतरच्या दिवशीचे आपसांत जुळवले: चार. दोन दिवस एकमेकांशी जुळवले की मात्र चढ हलायचा. चढाच्या वर एक मोठा कातळ होता, तो दोन्ही दिवशी जागच्या जागी. कातळाच्या खालची जमीन जागची हललेली.

प्रत्येक तपासणीनंतर तिला वाटायचं, आता चूक सापडेल. सापडत नव्हती. चूक सापडली नाही म्हणून घाम फुटण्याची तिची ही पहिलीच वेळ.

ती फोन घेऊन जिन्यात गेली.

धाकटीने फोन उचलला तेव्हा मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती. या वेळी फोन कसा, ऑफिसला दांडी मारली का, असं तिने विचारलं. थोरलीने आईचं विचारलं, प्लास्टरचं विचारलं. आई टीव्हीपुढे बसून सगळ्यांना नावं ठेवत होती, म्हणजे ठीक होती. मग थोरलीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मागचं दार नीट लागतं का गं?"

घरघर थांबली.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"दाराचं. गेल्या आठवड्यात अडकायला लागलं. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला. चार दिवसांत परत अडकलं, परत बोलावलं. तो म्हणतो लाकूड फुगलंय. मी म्हटलं, एवढ्या कोरड्या हवेत फुगतंय ते?"

 थोरलीने जिन्याच्या कठड्याला पाठ टेकवली आणि सांगितलं, की आईला घे आणि आत्ताच्या आत्ता ओढ्यापलीकडच्या शाळेत जा. का, ते सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते वेडगळ वाटलं: सव्वीस ठिपके आणि एक दार.

धाकटी हसली, पण पूर्ण हसली नाही. "ताई, तू कपाटाच्या सावलीला घाबरून माझ्या अंथरुणात यायचीस. तू मोठी आणि मी लहान. भित्री भागूबाई तू. दार अडकतं म्हणून मोडक्या पायाची बाई उचलून ओढा ओलांडू?"

"हो."

"तुझ्या सरांनी सांगितलंय?"

"त्यांना अजून दाखवलं नाही."

"मग आधी त्यांना तर पटव. नाहीतर शेजारी मला विचारतील, ही तीच ना, बागेत डोंगर करणारी?" घरच्यांना ती गंमत थोरलीनेच सांगितली होती.

सर अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांनी बाण असलेलं पान बराच वेळ पाहिलं, तिच्या तपासण्या एकेक ऐकून घेतल्या आणि मान डोलावली नाही. ते म्हणाले, गेल्या वर्षी तू डोंगर उभा केलास, यंदा तो चालायला लागला म्हणतेस. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. जिल्ह्याच्या ऑफिसातला माणूस काय म्हणेल ते सांगितलं होतं. वगळलेल्या बिंदूंच्या जोरावर एकेचाळीस घरं रिकामी करा म्हणायचं, आणि चूक निघाली तर पुढच्या वेळी खरं असलं तरी कुणी ऐकणार नाही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी बहीण तिथेच राहते ना?"

"हो."

"मग तुझ्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवू? घाबरलेल्या माणसाला हवं ते दिसतं."

"मला हे नकोय, सर."

"नको असलेलं तर आधी दिसतं."

 ते खरंच होतं. विज्ञान शिकताना तीही हेच शिकली होती, की मोजणाऱ्याला उत्तर आधी माहीत असू नये. म्हणून तिनेच सुचवलं: सरांनी स्वतः बसावं. तिचे बिंदू ती लपवेल. सरांनी आपल्या मनाने दहा जागा निवडाव्यात, सात त्या चढावर आणि तीन कातळावर, आणि दोन्ही दिवशीच्या फोटोंत स्वतः ठिपके ठेवावेत. ती बघणार नाही.

सर गेली सहा-सात वर्षं त्या खुर्चीवर बसले नव्हते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी चष्म्यावर काळा चष्मा चढवला, पुन्हा काढला, रुमालाने पुसला. "भांडण मिटतं का बघू," असं पुटपुटले.

थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली रस्त्यावर एक बाई दोन पिशव्या घेऊन चालली होती, मध्येच थांबून हात बदलत होती. मागे माऊसचा आवाज येत होता, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. आपलं काम चुकीचं निघावं अशी इच्छा तिने उभ्या जन्मात केली नव्हती. आता ती दात घट्ट दाबून तेवढंच मागत होती: मी चुकलेली असू दे. सगळ्या ऑफिससमोर, जिल्ह्यासमोर, धाकटीच्या शेजाऱ्यांसमोर. मला जन्मभर डोंगरवाली म्हणू देत. पण मी चुकलेली असू दे.

दहावा टक् झाला. सरांनी गणिताचं बटण दाबलं.

 मग त्यांनी शाळेत हजेरी घेतात तसे आकडे वाचले. कातळावरचे तीन: तीन, पाच, चार. चढावरचे सात: एकसष्ट, अडुसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर, अठ्ठावन्न, त्रेचाळीस.

तिने वळून पाहिलं. सरांनी दोन्ही चष्मे काढले होते आणि त्यांचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा उघडा दिसत होता.

"घर कुठलं?" त्यांनी विचारलं.

तिने पडद्यावरच्या निळ्या पत्र्यावर बोट ठेवलं. बोट उचललं तरी काचेवर ओलसर ठसा राहिला. सरांनी फोन ओढून घेतला.

संध्याकाळ व्हायच्या आत माणसं हलली. एकशे त्रेसष्ट माणसं, ओढ्यापलीकडच्या शाळेत. आईला चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं, आणि ती वाटेत प्रत्येकाला पाय कसा टाकायचा ते शिकवत होती, असं धाकटीने कळवलं. तो गुरुवार.

शुक्रवारी आकाश भरून आलं. पुन्हा फोटो घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नव्हतं, आणि ढगांच्या वरून फोटो घेऊन ढगांचाच नकाशा झाला असता. शनिवारीही तेच. रविवारीही. वैमानिक रोज सकाळी फोन करून एकच शब्द सांगायचा: नाही.

थोरलीला वाटलं होतं, आई आणि धाकटी ओढ्यापलीकडे गेल्या की भीती जाईल. भीती गेली नाही, तिने फक्त बसायची जागा बदलली. चढ कोसळेल याचीही भीती, आणि कोसळणार नाही याचीही. ती जेवताना ताटातल्या गोष्टी सरकल्या का ते बघायची. रस्त्यावरून जड गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली, की ती उभी राहायची.

शाळेतली माणसं कुरकुरायला लागली. बाकांवर झोप येत नव्हती. कुणाची जनावरं, कुणाचं दुकान. धाकटीला येताजाता ऐकावं लागत होतं: तुझ्या बहिणीचा चष्मा तपासून घे म्हणावं, डोंगर पोखरून उंदीर काढतात, हिने न पोखरताच काढला. काहीजण दिवसा जाऊन यायला लागले. काही झालं नाही.

सोमवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आवाज बसलेला होता. "उद्या सकाळी मी मशीन आणायला जाणार आहे. तासाभराचं काम. सगळ्यांचं शिवण तसंच पडलंय."

थोरली म्हणाली, नको.

"पाच दिवस झाले, ताई. डोंगर जिथल्या तिथे आहे. मी रोज बघते."

"तुला दिसणार नाही ते."

"आणि तुला दिसतं. एवढ्या लांब खुर्चीत बसून." हे बोलून धाकटीलाच वाईट वाटलं असावं. मागे आई कुणाला तरी उशी नीट ठेवायला सांगत होती.

थोरलीने सांगितलं, की उद्या आकाश उघडणार आहे, नऊच्या सुमाराला विमान येईल, तोवर कुठेही जाऊ नकोस. "आवाज आला की शाळेच्या अंगणात उभी राहा. मला बघायचंय."

"ठिपका बघणार?"

"सकाळी सावली लांब असते. सावलीवरून ओळखेन तुला."

"सावलीला घाबरणारी तू," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मंगळवारी आकाश धुतल्यासारखं निघालं. वैमानिकाने उडायच्या आधी फोन करून सांगितलं: हो. थोरलीने सव्वानऊला धाकटीला फोन लावला. लागला नाही. साडेनऊला लावला, दहाला, साडेदहाला. एकच आवाज यायचा, संपर्क होऊ शकत नाही. तिने धाकटीच्या शेजारणीला लावला, शाळेच्या मुख्याध्यापकांना लावला. तोच आवाज. अख्ख्या दरीत फोन लागत नव्हता. मोबाइलचा मनोरा कुठे होता ते तिला पाठ होतं; त्याच्या पायावर तिने स्वतः जुळणीचा बिंदू ठेवला होता. जिभेच्या मुळाशी.

साडेअकराला वैमानिक स्वतः आला. एरवी तो फोटोंची डिस्क पोऱ्याच्या हाती पाठवून द्यायचा आणि आलाच कधी, तर दारातूनच विचारायचा, काय डोंगरवाली, आज काय उभं केलंस? आज त्याने तिच्याकडे न बघता डिस्क सरांच्या हातात दिली. "पहिल्या फेरीला खाली नुसती धूळ होती," तो म्हणाला. "वळून परत आलो तेव्हा जरा बसली होती. त्या उंचीवरून माणसं दिसत नाहीत हो. खरंच नाही दिसत."

कधी झालं ते त्याला माहीत नव्हतं. धूळ अजून उडत होती म्हणजे फार वेळ झाला नसेल. आठ. साडेआठ. मशीन आणायला माणूस निघतो ती वेळ.

संगणकाने नवे फोटो जुन्यांशी जुळवायला घेतले. सगळीकडे बिंदू सापडत गेले, रस्त्यावर, ओढ्यावरच्या पुलावर, कातळावर, अकराशेच्या वर. जिभेच्या आकारात एकही नाही. सव्वीस नाही, एक नाही. जुळण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

तिने काळा चष्मा लावला. डाव्या डोळ्याला जुना फोटो, उजव्याला आजचा. दरी उठून उभी राहिली, कातळ उठला, आणि मध्ये एक जागा राहिली जी उठेना. तिथे निळा पत्रा दिसायचा आणि जायचा. दिसायचा, जायचा. एका डोळ्याला घर दिसत होतं, दुसऱ्याला चिखल, आणि दोघंही ऐकत नव्हते. तिने उजवा डोळा मिटला: छपरावर ती चप्पलसुद्धा होती. डावा मिटला: काही नव्हतं.

"शाळा बघ," सर म्हणाले.

ती निळ्या पत्र्याचीच जागा बघत राहिली.

"बघ, बाळ." अकरा वर्षांत त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं.

तिने फोटो ओढ्यापलीकडे सरकवला. शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, अंगण. अंगणात ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक लांब सावली, सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या. बरेचसे ठिपके ओढ्याच्या बाजूच्या भिंतीशी गोळा झालेले. ती एकेक बघत गेली. भिंतीपासून दूर, दाराजवळ, एक खुर्ची, तिच्यासमोर बाक, आणि मधून गेलेली एक पांढरी रेघ. ती रेघ काय आहे हे कळायला तिला दोन श्वास लागले. प्लास्टर.

आई होती. आईच्या शेजारी कुणी नव्हतं.

तिने खुर्चीभोवतीची जागा बोटाबोटाने तपासली. डावीकडे कुणी नाही. मागे दाराची सावली. पुढे रिकामं अंगण. आईला अशी एकटी सोडून धाकटी कधी पाणी आणायलाही जात नसे.  सर काहीतरी बोलत होते, ते तिला ऐकू आलं नाही.

मग टाकीच्या पलीकडे, सगळ्यांपासून वेगळा, एक ठिपका दिसला. त्याच्या सावलीला खांद्यातून वर गेलेली एक रेघ होती. काठी असेल. कुणी काठी धरून उभं असेल. शेजारी जमिनीवर आणखी एक लहान सावली, मान वाकवून बसलेल्या पक्ष्यासारखी.

तिने पुढचा फोटो उघडला, सहा सेकंदांनंतरचा. टाकी जुळली. बाक जुळला. पांढरी रेघ तसूभर हलली नव्हती. टाकीपलीकडची सावली मात्र जुळली नाही: तिची रेघ आता दुसऱ्या बाजूला कलली होती. तिसरा फोटो. पुन्हा पहिल्या बाजूला.

काठी अशी हलत नाही. तो हात होता.

आणि शेजारच्या त्या वाकड्या मानेच्या सावलीकडे तिने पुन्हा पाहिलं, आणि तिला ती ओळखता आली. लहानपणी दोघी ज्याच्या चाकाला हात लावल्याबद्दल मार खायच्या, ते शिवणयंत्र. म्हणजे ही गेली होती. अंधार फिटताच गेली असेल, त्या परसातून, त्या अडकणाऱ्या दारातून ते धूड उचलून बाहेर आली असेल, ओढा ओलांडून इथवर आली असेल. आणि मग केव्हातरी, तासाने म्हणा, अर्ध्या तासाने म्हणा. किती वेळाने, ते थोरलीला कळणार नव्हतं. इतकी ती गेल्या पाच दिवसांत घाबरली नव्हती.

"सापडली?" सरांनी विचारलं.

तिने मानेनेच हो म्हटलं. 

सरांनी खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. जिल्ह्याच्या ऑफिसातून सकाळपासून तीनदा विचारणा झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. रस्ता बंद, फोन बंद, शाळेत किती माणसं आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. यादीवर एकशे त्रेसष्ट आहेत. शाळेचं छप्पर लहान आहे आणि सगळे बाहेर आलेले दिसतात. मोजता येतील का?

संगणकाने टाकीपलीकडच्या त्या सावलीवर लाल खूण करून विचारलं होतं: बिंदू जुळत नाही, वगळायचा? थोरलीने नाही म्हटलं. मग कागद पेन्सिल जवळ ओढली आणि त्याच सावलीपासून मोजायला सुरुवात केली. एक.